मुकादमबाईचा शब्द

दवाखान्याच्या लाँड्रीत एकदा एका धुलाईवाल्याने नव्या पोरीच्या कमरेला हात लावला. मुकादमबाई तेव्हा मुकादम नव्हती, साधी इस्त्रीवाली होती. हातातली इस्त्री होती तशी चादरीवर सोडून ती उठली, भिजलेले कपडे ढवळायचा लाकडी सोटा उचलला आणि त्या माणसाच्या मनगटावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज तीन टेबलांपलीकडे गेला. परत जागेवर आली तेव्हा चादरीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं. मनगटाबद्दल तिला काही वाटलं नाही. चादरीची मात्र हळहळ वाटली.

त्या दिवसापासून तिच्या शब्दाला वजन आलं. पुढे ती मुकादम झाली. वीस बायका आणि सात पुरुष तिच्या हाताखाली होते. भांडण झालं की लोक साहेबांकडे जायच्या आधी तिच्याकडे यायचे. कोण कामचुकार, कोणाचा नवरा पितो, कोणाची पोरगी कुणाबरोबर दिसली, सगळं तिच्या टेबलाशी येऊन थांबायचं आणि तिथून तिचा शिक्का घेऊन पुढे जायचं. आठवड्याला ती प्रार्थनेला जायची, पहिल्या रांगेत बसायची. तिथली शिकवण तिला नेहमी मागच्या रांगेतल्या लोकांसाठी असल्यासारखी वाटायची.

तिच्या कडकपणाला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना तिची ताई सासरी जळाली. स्टोव्ह भडकला, असं सगळे म्हणाले. शेजारच्या बाईला रोज रात्री भिंतीपलीकडून मार ऐकू यायचा, तीही स्टोव्हच म्हणाली. घरातलं घरात राहू दे, असं तिच्या स्वतःच्या वडिलांनी सांगितलं. ताई दोन दिवस जिवंत होती. धाकटीला बघून तिचे ओठ हलले, पण ओठांना कातडी उरली नव्हती, त्यामुळे काय म्हणाली ते कधीच कळलं नाही. त्या खाटेजवळ धाकटीने ठरवलं, आपण कधी गप्प बसायचं नाही.

नवरा लवकर गेला. एकुलत्या एका लेकाला तिने ही गोष्ट सांगत सांगतच वाढवलं. लेक मोठा होऊन लाँड्रीचीच व्हॅन चालवायला लागला. अंगाने दांडगा, डोक्याने गरम, आईवर जीव टाकणारा.

आणि मग नवा बॉयलरवाला आला.

चाळिशीचा, बोटभर दाढीचा, मान खाली घालून चालणारा माणूस. डाव्या कानापासून मानेवरून खाली शर्टात जाणारा भाजल्याचा जुना व्रण. पहिल्याच आठवड्यात मुकादमबाईने त्याला चहाच्या सुट्टीत विचारलं, "घरी कोण कोण?"

"सध्या कुणी नाही," तो म्हणाला. "बायको होती, ती..."

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. पुढे न बोलता तो कप विसळून निघून गेला.

आठ दिवसांनी तो तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला. "बाई, तुम्हाला कपड्यातलं कळतं म्हणून विचारतो. जळक्या कापडाचा वास कशाने जातो हो?"

"कसलं कापड?"

"बायकोचं आहे," तो ओशाळून म्हणाला. "राहू द्या. बघतो मी."

तो गेला आणि मुकादमबाई त्याच्या पाठीकडे बघत बसली. मानेवरचा व्रण, नसलेली बायको, जळकं कापड. एकेक गोष्ट शेजारी शेजारी जाऊन बसली, आणि तिच्या डोळ्यांसमोर ताईची खाट उभी राहिली. तिने त्याला हाक मारून पुढचं काही विचारलं नाही. विचारायचं उरलंय असं तिला वाटलंच नाही.

दुपारी फाटके गाऊन शिवणाऱ्या शिलाईवालीला ती हळूच म्हणाली, "नव्यावर जरा लक्ष ठेव गं. त्याची बायको जळून गेली म्हणतात."

कोण म्हणतं, हे शिलाईवालीने विचारलं नाही. मुकादमबाई म्हणतेय म्हणजे झालंच. शिलाईवालीने तिखटमीठ लावून ते ड्रायरवाल्या दोघांना सांगितलं. ड्रायरवाल्यांनी त्यात रॉकेल ओतलं. धुलाईच्या मशिनींपर्यंत पोचेस्तोवर बायकोला दिवस गेलेले होते, आणि हा आधीच्या गावातून पोलिसांना चुकवून पळालेला होता. चार दिवसांनी तीच बातमी एका इस्त्रीवालीच्या तोंडून परत मुकादमबाईकडे आली, आणि ती बातमी आपल्याच पोटची आहे हे तिने ओळखलं नाही.

"पोटुशी होती म्हणे, बाई!"

"बघ," मुकादमबाई म्हणाली. "मला वाटलंच होतं."

त्या दिवशी घरी जेवताना तिने लेकाला सगळं सांगितलं. ताईचं पुन्हा सांगितलं. लेकाचा घास हातातच राहिला.

"आणि तो रोज तुमच्यात वावरतो?"

"वावरतो. हसतोसुद्धा कधी कधी." तिने ताट पुढे सरकवलं. "असल्या माणसाला एकदा कळायला हवं, जळणं म्हणजे काय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेसच्या खोलीत वाफेच्या नळीचा एक कॉक गळायला लागला. बॉयलरवाला पाना घेऊन आला. ही खोली लहान, खिडकी एकच, मधोमध वाफेची प्रेस. खाली तापलेली पाटी, वर तापलेली पाटी, बाजूला दांडा. दांडा ओढला की वरची पाटी खाली बसते आणि डॉक्टरांचे कोट दहा मोजेपर्यंत कडक होतात.

लेक आत आला. त्याच्यामागे ड्रायरवाले दोघे. शेवटच्याने दाराला पाठ लावली.

"बायकोचं काय केलंस?" लेकाने विचारलं.

बॉयलरवाल्याला समजेना. "माझ्या बायकोचं? काय केलं मी?" आणि गोंधळून तो हसला.

त्या हसण्याने घात केला. लेकाने त्याच्याच हातातला पाना हिसकला आणि तोंडावर मारला. दोन दात फरशीवर पडले. दुसरा फटका खांद्यावर बसला, हात लुळा पडला. तो खाली बसला तर लाथांनी बरगड्या शोधल्या. "गरोदर होती ना रे? गरोदर होती ना?" प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. बॉयलरवाल्याच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि त्यातून तो एकच ओरडत होता, "तिला बोलवा! अहो, तिला बोलवा!"

कोणाला बोलवा, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

आवाजाने मुकादमबाई धावत आली, दार ढकलून उंबऱ्यात उभी राहिली. काखेत कोटांचा गठ्ठा तसाच होता. तिच्यादेखत दोघांनी बॉयलरवाल्याला उचललं, त्याचा उजवा हात खालच्या पाटीवर दाबला, आणि तिच्या लेकाने दांडा ओढला.

ती किंकाळी माणसाची वाटली नाही. मांस करपल्याचा वास आला. तिला तो वास ओळखीचा होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या पोटात गार वाटलं. एकतीस वर्षं आत धुमसणारं काहीतरी विझल्यासारखं झालं. सवयीने तिचं मन मोजायला लागलं, एक, दोन, तीन, जसं कोटासाठी मोजायचं. सातला तिच्या तोंडून निघालं, "पुरे."

लेकाने दांडा सोडला. तिचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

चार बोटं गेली. डॉक्टरांनी अंगठा तेवढा वाचवला. दवाखाना वरच्याच मजल्यावर होता, त्यामुळे माणूस जगला. साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "यंत्रावर काम करताना हात घसरला. बरोबर?" सगळ्यांनी माना डोलावल्या. "तोंडावर पडला, तेव्हा दात गेले. बरोबर?" पुन्हा माना. पोलिसाने येऊन ते लिहून घेतलं. शिलाईवाली बाहेर येऊन म्हणाली, "देव बघतोच हो." आणि मुकादमबाई त्या रात्री शांत झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीच्या दालनात एक बाई आली. प्रवासाने मळलेले कपडे, हातात डबा, कडेवर दोन वर्षांची मुलगी.

"मुकादम कोण इथली?"

"मी."

"मी बॉयलरवाल्याची बायको."

दालनातल्या सगळ्या इस्त्र्या थांबल्या. एकीची चादर धुरकटली तरी तिने हात उचलला नाही. शिलाईवाली शेजारणीच्या कानात पुटपुटली, पण एवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दुसरी असेल. पहिली जळली ना."

"कोण जळली?" त्या बाईने वळून विचारलं. "दुसरी कोण? अकरा वर्षं झाली आमच्या लग्नाला. माझ्या वडिलांना लकवा झाला म्हणून मी महिनाभर माहेरी होते." ती पुन्हा मुकादमबाईकडे वळली. "त्याला बोलता येत नाही, जबडा बांधलाय. डाव्या हाताने कागदावर वाकडंतिकडं लिहितो, 'मुकादमबाईंना विचार.' म्हणून आले. काय झालं त्याला? त्याने कुणाचं काय केलं?"

आठवड्यापूर्वी विचारायचं होतं ते मुकादमबाईने आत्ता विचारलं. "त्याच्या मानेला काय झालंय?"

"आधीच्या कारखान्यात भट्टीचं दार उडालं. का?"

"आणि जळकं कापड?"

त्या बाईचा चेहरा चुरगळला. "माझी लोकरीची शाल. हीटरवर वाळत घातली आणि विसरला. फोनवर कबूल केलं त्याने. मी ओरडेन म्हणून घाबरला होता."

मुकादमबाई प्रेसच्या खोलीत गेली आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकली.

संध्याकाळी लेक घरी आला तेव्हा ती दारातच बसली होती. तिने सगळं सांगितलं. तो भिंतीशी बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती म्हणाली, "उद्या पोलिसांकडे जायचं."

"कोणी?"

"आपण दोघांनी."

तो ताडकन उठला. "हात घसरला म्हणून लिहिलंय ना कागदावर! सगळ्यांनी सांगितलंय ना!"

"सगळ्यांनी स्टोव्हसुद्धा सांगितला होता."

त्याने तिच्या कानशिलात दिली. जन्मात पहिल्यांदा. ती शेगडीवर जाऊन आदळली, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. "तू सांगितलंस!" तो ओरडत होता. भांडी आपटत होता, खुर्ची भिंतीवर फोडत होता. "तूच सांगितलंस ना मला! मला काय माहीत होतं? तू म्हणालीस, कळायला हवं! तुझ्यासाठी केलं मी!"

"हो," ती जमिनीवरूनच म्हणाली. "म्हणून तर मी पण येतेय."

तो आला नाही. ती एकटी गेली. पोलीस चौकीत टेबलामागच्या अधिकाऱ्याने लेकाचं आणि ड्रायरवाल्यांचं नाव लिहून घेतलं आणि पेन ठेवलं.

"माझंही लिहा," ती म्हणाली.

"तुम्ही मारलंत?"

"नाही. मी बोलले."

"बाई, बोलण्याचं कुठे लिहू? बघितलं एवढं लिहितो, साक्षीदार म्हणून."

"सात मोजेपर्यंत गप्प उभी होते, ते तरी लिहा."

त्याने वर पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते मात्र लिहिलं.

खटला वर्षभर चालला. लेकाच्या वकिलाने तिला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "बायकोला जाळल्याची बातमी सगळ्या लाँड्रीत होती, बरोबर? मग माझ्या अशिलाने विश्वास ठेवला यात नवल काय? तुम्हाला स्वतःला कोणी सांगितली?" दोष दुसऱ्यावर टाकायची तिला ती शेवटची वाट होती. शिलाईवालीकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "मला कोणी सांगितली नाही. मी सांगितली. आणि माझं ऐकून सगळे मला सांगायला लागले, तेव्हा मला ती खरी वाटली." लेकाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला सहा वर्षं झाली. ड्रायरवाल्यांना चार-चार.

मुकादमी गेली. ती पुन्हा इस्त्रीच्या टेबलाला उभी राहिली. आता तिच्यावर बोलायची पाळी इतरांची होती. पोटच्या पोराला तुरुंगात घालणारी, असं म्हणायचे. त्या बॉयलरवाल्याशीच तिचं काहीतरी होतं, असंही म्हणायला लागले. शिलाईवाली तर शपथेवर सांगायची. एका दुपारी कुणीतरी उकळत्या खळीची बादली तिच्या पायावर कलंडवली. कातडी मोज्याबरोबर निघून आली. ती फरशीवर बसून ओठ चावत राहिली. बादली कुणाच्या हातात होती हे तिला दिसलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा नाव सांगून ती म्हणाली, "हात दिसला. मुद्दाम केलं की निसटली, ते त्यालाच विचारा. मला सांगता येणार नाही." जुनी मुकादमबाई असती तर सोटा शोधला असता.

पाय बरा झाल्यावर ती बॉयलरवाल्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. पाहिलं, आणि दोन्ही हातांनी असा धक्का दिला की ती जिन्याच्या चार पायऱ्या खाली गडगडली. वरून एक पातेलं आलं, ते खांद्याला लागलं. ती उठली, पातेलं उचललं, वर चढली आणि दाराशी ठेवलं. बायकोने पुन्हा धक्का द्यायला हात उचलला, तेव्हा आतून आवाज आला. "राहू दे. येऊ दे तिला."

तो खाटेवर बसला होता. जबडा एका बाजूला वाकडा बसला होता, त्यामुळे शब्द घरंगळत यायचे. उजवा हात उशीखाली. तिने गुडघे टेकले. काय बोलायचं ते येताना घोकलं होतं, त्यातला एकही शब्द आठवला नाही.

"उठा," तो म्हणाला. "मला ते बघवत नाही." ती उठली तेव्हा म्हणाला, "एकदा विचारायचं होतं, बाई. मी खरं बोललो असतो की खोटं, ते तुम्ही नंतर ठरवलं असतं. पण विचारायचं तरी."

"हो."

"माफ केलं असं मी म्हणणार नाही. अजून रोज रात्री हात तिथेच असतो."

"म्हणू नका," ती म्हणाली आणि लंगडत जिना उतरली.

तो पुन्हा बॉयलरवर उभा राहू शकला नाही. त्याच्या जागी त्याच्या बायकोला लाँड्रीत घेतलं. नव्या मुकादमाने मुद्दाम की नकळत, तिची जोडी जुन्या मुकादमबाईशी लावली, मोठ्या चादरींच्या घड्या घालायला. त्या कामाला दोघी लागतात. दोन टोकं धरून लांब जायचं, ताणायचं, मग चालत एकमेकींपर्यंत येऊन कोपरे हातात द्यायचे. दिवसाला तीनशे चादरी. बायको असा हिसका द्यायची की मुकादमबाईची नखं मुळापासून उलटायची. चादरींवर रक्त लागायचं, त्या पुन्हा धुवायला जायच्या. आठ महिने एक शब्द नाही. नवव्या महिन्यात एकदा, हिसका द्यायच्या आधी, ती बाई म्हणाली, "धर." तेवढंच. त्या दिवशी नखं शाबूत राहिली.

प्रार्थनेला ती जात राहिली. दाराजवळच्या बाकावर बसायची. शिकवण तिला आता नेमकी आपल्यासाठीच असल्यासारखी वाटायची, आणि कधी कधी ऐकवायची नाही.

लेक मात्र भेटायला नकार देत राहिला. दर महिन्याला ती तुरुंगाच्या बाकावर दिवसभर बसायची आणि शिपाई येऊन मान हलवायचा. दीड वर्षाने तो जाळीपलीकडे येऊन बसला. खंगला होता. आईची फाटलेली भुवई नीट जुळली नव्हती, ती बघून त्याने नजर फिरवली.

"आमच्या बराकीत एक म्हातारा आलाय," तो म्हणाला. "त्याने नातीला विहिरीत ढकललं म्हणतात. त्याला रोज मारतात. तोंडात साबण कोंबतात, लघवीत झोपवतात. परवा मला म्हणाले, आता तुझी पाळी." तो थांबला. "मी मारलं. दोनदा."

त्याने जाळीत बोटं अडकवली.

"काय करू?"

"त्याला कुणी विचारलं का?"

"नाही."

"मग तू विचार."

"मारतील मला."

"मारतील," ती म्हणाली. खोटा धीर द्यायला तिची जीभ वळली नाही.

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा त्याचा एक डोळा काळानिळा होऊन मिटला होता आणि डावा हात गळ्यात बांधलेला होता. जाळी धरून तो हळूच खाली बसला, बरगड्या सांभाळत.

"विचारलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

लेकाने सुजलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "अजून सांगतोय," तो म्हणाला. "रोज थोडं थोडं सांगतो. रडतो, मग थांबतो. मी शेजारी बसतो."